जॉबरचं भूत: यंत्रमागाच्या शेडमध्ये भयविनोदी सिनेमा करतानाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली एक बंद शेड मिळाली. आत शटलचे जुने यंत्रमाग आहेत. मालक काका ते भंगारात काढणार आहेत, किलोच्या भावाने. "संक्रांत झाली की गाडी लागंल. तोपर्यंत रात्री काय करायचं ते करा. भाडं नको, लाईट बिल तेवढं भरा," म्हणाले. अट एकच घातली: शेडचा नंबर, पाटी, बाहेरची गल्ली यातलं काही पडद्यावर दिसता कामा नये. "उद्या कुणी म्हणालं हितं भूत आहे, तर भंगारवालाबी भाव पाडून मागंल." अट मान्य.

सिनेमा अर्ध्या तासाच्या आतला. नातू आजोबांचे माग विकायला काढतो. वजनकाट्यावर चढवायच्या आदल्या रात्री माग आपोआप सुरू होतो. सुरू करणारं भूत आहे एका जॉबरचं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, मागाच्या खडखडाटावरून कुठला नट ढिला झालाय ते सांगणारा माणूस. या भुताला रक्त नको, बळी नको. त्याला तुटलेला धागा बघवत नाही, एवढंच.

दादा कॅमेरा म्हणजे फोन सांभाळणार. लिहिणं, दिग्दर्शन आणि एडिटिंग माझ्याकडे. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, त्यामुळे कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर घरचंच आहे. भूत होणार आमचे मामा, जे स्वतः जॉबर होते. खर्चाचा अंदाज २५ हजार.

पैसे नसलेले भयविनोदी सिनेमे मला मनापासून आवडतात. भीती आणि हसू, दोन्हीला आधी श्वास रोखून धरावा लागतो, आणि तो रोखायला लावणं पैशाने होत नाही. पण यातले निम्म्याहून जास्त सिनेमे मी मध्येच बंद केलेत. भुताचा मुखवटा स्वस्त होता म्हणून एकही बंद केला नाही. संवाद ऐकू येत नव्हते, किंवा एकच गंमत पाच मिनिटं ताणली होती, किंवा नट स्वतःच्याच विनोदावर खूश होते. आपल्याकडे या तीन गोष्टी होऊ द्यायच्या नाहीत, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

१४ नोव्हेंबर

विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, सिनेमात काम करणाऱ्या अक्कांकडे संहितेचं वाचन झालं. अक्का सूप मांडीवर घेऊन विड्या वळत ऐकत होत्या. वाचन संपल्यावर म्हणाल्या, "पोरी, ह्यात मी चार येळा किंचाळलेय आणि एकदा बेशुद्ध पडलेय. बोलायला काय दिलंयस मला?"

बरोबर आहे. या प्रकारच्या सिनेमांचा हा जुना रोग आहे. पांढऱ्या साडीतली बाई किंवा किंचाळणारी बाई, तिसरं काही नाही. विनोदही सापडतील तिथून उचललेले: कुणाचं जाडेपण, कुणाची भाषा, साडी नेसवलेला पुरुष. माझ्या संहितेतसुद्धा तेलुगू उच्चारावरचा एक विनोद होता. तो अक्कांसमोर वाचून होण्याआधीच नकोसा झाला. काढला.

नवी रचना: अक्का ही जॉबरची बायको. ती भुताला घाबरत नाही, कारण चाळीस वर्षं त्याच्याबरोबर संसार केलाय. ती त्याला धरून विचारते, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद कुठं ठेवलेस? भूत या प्रश्नाला घाबरतं. आता भीती कुणाला आणि कुणाची, हेच उलटं झालं आणि गोष्ट हलली.

मांत्रिकही काढला. लिंबू-मिरची, कवटी, हळदीकुंकवाचं रिंगण यांनी दृश्य फुकटात भरून निघतं हे खरं. पण अशा फसवणुकीला माणसं खरोखर बळी पडतात म्हणून २०१३ साली राज्यात जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. मांत्रिक पडद्यावर यशस्वी झालेला मला दाखवायचा नाही.

१७ नोव्हेंबर

शेडमध्ये फोनची चाचणी घेतली. जुन्या ट्यूबलाईटींखाली पहिलाच शॉट घेतला आणि चित्रात करडे पट्टे वर सरकताना दिसले. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. फोन मात्र आपल्या मर्जीने सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंदाचं शटर धरून बसला होता. शटर हाताने ठरवू देणारं अॅप घेतलं, २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं. पट्टे गेले. शटर १/१०० ठेवलं तरी चालतं, फक्त उजेड दुप्पट लागतो.

फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक करा. आमचं भूत फ्रेममध्ये शिरलं की फोन त्याचा चेहरा शोधून उजळ करायचा आणि मागचा सगळा काळोख करडा व्हायचा.

काळोख दाखवायला उजेड लागतो हे इथं नीट कळलं. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८००च्या वर नेला की अंधारात दाणे वळवळतात. त्यापेक्षा एक एलईडी पॅनेल मागांच्या पलीकडे जमिनीवर ठेवलं. मागांच्या सांगाड्यांच्या सावल्या पत्र्यावर एवढ्या मोठ्या पडल्या की मावसभाऊ (नातवाचं काम तोच करतोय) पडद्याकडे न बघताच म्हणाला, "मला हितं एकट्याला सोडून जाऊ नका बे." पॅनेल भाड्याचं आहे. विकत घेण्यात अर्थ नव्हता.

२३ नोव्हेंबर

आवाजाची चाचणी. आज विधानसभेचा निकाल लागला, त्यामुळे संध्याकाळपासून फटाके, गुलाल आणि डीजे. रेकॉर्डिंग करणाऱ्याने कॅलेंडर बघून तारीख ठरवावी. ही रात्र आम्ही चहा पिण्यात घालवली.

मिरवणुका थांबल्यावर खरी अडचण समोर आली. शेजारच्या शेडमधले माग रात्रपाळीत चालू असतात आणि आमच्या शेडला वर पत्रा, खाली फरशी. एक शब्द बोललं की तो फिरून परत येतो. कॉलरला लावायचे वायरलेस माईक २,४०० रुपयांना जोडी घेतले होते. त्यांनी शब्द पकडला, पण घुमारा सोबत घेऊनच.

उपाय गावातच होता. सोलापुरी चादर. काकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरून मिळतील तेवढ्या जाड जेकार्ड चादरी आणल्या, दोऱ्या बांधून कॅमेऱ्यामागच्या दोन बाजूंनी टांगल्या, एक पात्रांच्या डोक्यावर चौकटीबाहेर ताणली. जाड सुती कापड घुमारा बराच खातं. भिंतीला चिकटवून लावू नका, वीतभर अंतर सोडा, फरक कानाला कळतो. शेजारच्या मागांची धडधड मात्र जमिनीतून येते, तिच्यापुढे चादर काही करू शकत नाही. त्यासाठी शेजारची पाळी बंद असेल त्याच रात्री संवाद, बाकीच्या रात्री बिनसंवादाची दृश्यं, असं वेळापत्रक बांधलं.

हिंदी भयपट करणाऱ्या रामसे बंधूंबद्दल वाचताना एक गोष्ट लक्षात राहिली होती. १९७२च्या 'दो गज जमीन के नीचे'पासून त्या सात भावांनी कामं घरातच वाटून घेतली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्याला, अर्जुन संकलनाला, आणि किरण खास आवाजाला. पैसे वाचवायला घरचीच माणसं घेतली, पण त्यातला एक अख्खा भाऊ आवाजावर ठेवला. आमच्याकडे आजपासून माईक आणि हेडफोन वहिनीकडे. तिने "नाही आलं" म्हटलं की शॉट बाद, दादाने कितीही छान घेतलेला असो.

३० नोव्हेंबर

सिनेमातलं सगळ्यात महत्त्वाचं दृश्य: वीज नसताना माग चालू होतो.

आधी सुरक्षितता, कारण हे वाचून कुणी तरी करायला जाईल. शटलच्या मागातला धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे फेकला जाणारा शटल, लाकडाचा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोपी असते. चालत्या मागातून तो उडाला तर डोळा जाऊ शकतो. त्यामुळे खरा माग वीज जोडून चालवायचा नाही, हे मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मोटरची वायर काढून टाकली, पट्टा उतरवला. मावसभावाच्या मित्राला मागाच्या आड बसवून चाक हाताने फिरवायला लावलं.

फणी पुढे-मागे झाली, उभ्या धाग्यांचा ताणा वर-खाली झाला, धोटा मात्र जागचा हलला नाही. मामा म्हणाले, "हलणार कसा? त्याला फटका वेगाने बसावा लागतो. हाताने फिरवून तेवढा जोर येत नाही." मग धोट्याला काळा दोरा बांधून दुसऱ्या बाजूने ओढायचं ठरलं. अंधारात काळा दोरा दिसणार नाही असं वाटलं होतं, पण पॅनेलचा उजेड मागून येत असल्यामुळे तो चकाकत होता. दोरा बदलला, जाडी बदलली, मेणही लावून बघितलं. पहाटे दोन वाजेपर्यंत दोरा दिसतच राहिला. एडिटिंगमध्ये पुसता येतो, पण धोटा ताण्याच्या हजारो धाग्यांवरून जातो. फ्रेमगणिक दोरा पुसायचा तर आठवडा गेला असता आणि पुसलेली जागा थरथरताना दिसली असती.

थकून बसलो तेव्हा मामा सहज म्हणाले, "माग आहे, तर दोरा दिसणारच की. त्यात काय एवढं?"

तिथंच तिढा सुटला. काळा दोरा काढून टाकला, कांडीवरचं पांढरं सूत बांधलं आणि त्यावर मुद्दाम उजेड टाकला. पडद्यावर आता असं दिसतं: काळोखातून एक पांढरं सूत ताठ होतं, त्याच्या टोकाला कुणी नाही, आणि धोटा त्या सुताने ओढला जातोय. भूत जॉबरचं आहे, त्याचा हात म्हणजे सूत. मग संहितेत मागे जाऊन हे पेरलं. भूत येण्याआधी प्रत्येक वेळी कुठून तरी एक सूत येतं. नातवाच्या शर्टाच्या गुंडीला, चहाच्या कपाच्या कानाला, अक्कांच्या चष्म्याच्या दांडीला. वस्तू हलवायला आम्हाला दोरा लागणारच होता, तो लपवायचा खर्च वाचला आणि भुताला स्वतःची खूण मिळाली.

जपानचा 'वन कट ऑफ द डेड' (२०१७, दिग्दर्शक शिनिचिरो उएदा) मला याच कारणासाठी ग्रेट वाटतो. तीसेक लाख येनमध्ये, अनोळखी नटांना घेऊन केलेला. सुरुवातीचा ३७ मिनिटांचा भाग एका सलग शॉटचा आहे आणि त्यात विचित्र थांबे, गोंधळलेले चेहरे, डळमळणारा कॅमेरा असं सगळं आहे. पुढे त्यातल्या एकेका गोष्टीचं कारण उलगडतं आणि खऱ्या हशांना तिथं सुरुवात होते. कमतरता लपवली नाही, तिला गोष्टीत कामाला लावलं. "मुद्दामच वाईट केलंय" असं सांगत फिरणाऱ्या सिनेमांपेक्षा ही वेगळी जात आहे. मुद्दाम वाईट केलेलं मला दहा मिनिटांच्या वर बघवत नाही, कारण त्यात कुणीच जीव लावलेला नसतो.

शॉट सामान्य वेगाने घेऊन एडिटिंगमध्ये दुप्पट केला. मागाचा आवाज नंतर चालू कारखान्यातून वेगळा रेकॉर्ड करून जोडायचा.

८ डिसेंबर

भुताच्या नजरेतून धावण्याचा शॉट. सॅम रेमीच्या 'द ईव्हिल डेड'मध्ये (१९८१) कॅमेरा लाकडी फळीच्या मध्यावर बसवून दोन माणसं दोन टोकं धरून जंगलातून धावली होती. आम्हीही फळी घेतली, फोन मध्ये बांधला, दादा आणि मावसभाऊ मागांच्या दोन रांगांमधून धावले.

फसलं. चित्र लापशीसारखं हलत होतं. फोनचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे धक्का बसला की उभ्या रेषा वाकड्या होतात, आणि मागाच्या शेडमध्ये सगळ्या उभ्याच रेषा. फोनमधलं स्थिरीकरण चालू केलं तर अंधारात कडा फाटल्यासारख्या दिसू लागल्या.

चाललेला उपाय: स्थिरीकरण बंद, फळीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन किलोची वजनं बांधली (मागाचीच लोखंडी वजनं होती), आणि धावण्याऐवजी गुडघे वाकवून झपाझप चालणं. जड फळी बारीक धक्के घेत नाही. वेग एडिटिंगमध्ये वाढवला. रांगांमधली वाट अरुंद आहे, दादाचं कोपर सोलवटलं. आधी वाटेतलं सगळं लोखंड बाजूला करा.

मालेगावची हौशी सिनेमे करणारी मंडळी सायकलवरून ट्रॉली शॉट घ्यायची आणि बैलगाडीचा क्रेन करायची. तेही आपल्यासारखंच यंत्रमागांचं गाव. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात सुपरमॅन झालेला शफीक शेख मागावरच काम करायचा. तो माहितीपट पाहून मी पहिल्यांदा ठरवलं होतं की आपणही करायचं. त्या सिनेमांत गावच्या माणसांना स्वतःची गल्ली, स्वतःची बोली, स्वतःचा लोडशेडिंगवरचा राग पडद्यावर दिसतो. मोठा सिनेमा कितीही पैसे ओतून त्यांच्यासाठी ते करणार नाही.

१५ डिसेंबर

धूर. ऊद घातलेलं धुपाटणं वापरायचं ठरत होतं, मामांनी ते शेडच्या दारातच विझवायला लावलं. मागांखाली, तुळयांवर, वायरींवर वर्षानुवर्षांची सुताची रुई साचलेली आहे. एक ठिणगी पुरेल. आधी शेड झाडली, मगच धुराचं मशीन आत नेलं, आणि तेही रुईपासून लांब, मोकळ्या फरशीवर ठेवलं, कारण त्याचं तोंड चांगलंच तापतं. मेणबत्ती, मशाल, कंदील असं पेटतं काही सिनेमात नाही.

पत्र्याच्या फटींतून धूर पाच मिनिटांत निघून जातो. फटी पुन्हा चादरींनी बुजवल्या. फरशीवर द्रवाचा थर बसतो आणि पाय घसरतो. अक्कांचं चालणं त्यामुळे धुराआधी चित्रित करून घेतलं.

२१ डिसेंबर

रक्ताची पाककृती. बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणलं, त्यात खाण्याचा लाल रंग. पांढऱ्या एलईडीखाली हे सरबतासारखं गुलाबी दिसलं. थोडी कोको पावडर आणि निळ्या खाण्याच्या रंगाचा एकच थेंब घातल्यावर रंग बसला. सुतावरून ओघळताना फार घट्ट वाटलं तर कोमट पाणी चमचाभर.

गावात सूत रंगवायचा लाल रंग सहज मिळतो, म्हणून कुणी तो वापरू नये. तो कातडीसाठी नाही. साखरेच्या रक्ताचा तोटा मुंग्या: रात्री सांडलेलं सकाळपर्यंत ठेवलं तर शेड त्यांची. आणि डाग जात नाहीत. दोन चादरी गेल्या, त्यांचे ७६० रुपये भरून दिले.

सिनेमात रक्त एकाच ठिकाणी आहे आणि ते रक्त नाहीच, रंगाचं पिंप उलटलेलं आहे. प्रेक्षकाने आधी घाबरावं, मग हसावं, म्हणून सुरुवातीला ते खरं वाटणं भाग आहे.

४ जानेवारी २०२५

थंडी आहे आणि पत्र्याखाली जास्तच. मामांना आज भुताचं मोठं दृश्य करायचं होतं. पहिल्या काही टेकमध्ये ते डोळे वटारत होते, आवाज घोगरा करत होते. बाजूला उभे असलेले सगळे हसत होते, वहिनीच्या हेडफोनमध्येसुद्धा ते हसू गेलं. मॉनिटरवर पाहिलं तेव्हा दृश्य मेलेलं होतं. शेडमध्ये हसू आलं ते आमचे मामा असं करतायत म्हणून. मामांना न ओळखणाऱ्याला त्यात काही नाही.

मग त्यांना सांगितलं, "मामा, भूत विसरा. पोराने माग वाकडा बसवलाय आणि तुम्हाला तो नीट करायचाय."

त्यांनी टॉर्च मागितली, खाली वाकले, नट चाचपला आणि नातवाकडे न बघता म्हणाले, "हे कुणी पिळलंय? पान्याने पिळायचं असतंय बे, रागाने नव्हं." हे वाक्य संहितेत नव्हतं. मेलेला माणूस खाली वाकून नट पिळतोय आणि मागे उभा नातू थरथर कापतोय. मामा एकदाही विनोदी झाले नाहीत, आणि सिनेमातलं सगळ्यात मोठं हसू याच जागेवर येणार याची मला तेव्हाच खात्री झाली.

'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचू आठवून बघा. रामदास पाध्यांचा तो बाहुला कधीच विनोद करत नाही. त्याला जे हवंय ते त्याला खरंच हवंय, म्हणून लहानपणी आम्ही घाबरलो आणि म्हणूनच आज हसतो.

१५ जानेवारी

शेड आता रिकामी करायची आहे, शूटिंग संपलं. काल सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा झाला, गर्दीत कुठलंच काम होणार नव्हतं. आज होम मैदानावर गड्ड्यात, म्हणजे यात्रेनिमित्त भरणाऱ्या जत्रेत, भूतबंगल्यासमोर उभी राहिले, तिकीट काढून आत न जाता बाहेर येणाऱ्यांना बघत. किंचाळ्या आतून ऐकू येतात, आणि पडदा बाजूला करून बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक जण हसत असतो. आत मुखवटा घातलेला पगारी माणूस आहे हे तिकीट काढतानाच सगळ्यांना माहीत असतं. एक आजी नातीला सांगत होत्या, "पाय बघितलेस का त्याचे? स्लीपर होती." आणि त्याच आजी आत सगळ्यात मोठ्याने ओरडल्या होत्या.

आमचा प्रेक्षक हा आहे. स्लीपर दिसली म्हणून तो पैसे परत मागत नाही. स्लीपर शोधणं हा त्याच्या मजेचा भाग आहे. पण आतला माणूस कंटाळून उभा राहिला असता तर आजी ओरडल्या नसत्या.

२ फेब्रुवारी

पहिली जुळणी ४१ मिनिटांची झाली. लांब आहे. सगळ्यात अवघड गेलं ते धावण्याचा शॉट कापणं, कारण त्यासाठी दादाचं कोपर गेलं होतं. पण प्रेक्षकाला कोपर दिसत नाही. दीड मिनिटाचा शॉट अकरा सेकंदांवर आणला.

गमतीच्या जागी "ठ्यांय" असा आवाज घालायची सवय लग्नाच्या व्हिडिओंमुळे हाताला आहे. सगळे काढून टाकले. आवाज घातला की प्रेक्षकाला हसायची सूचना मिळते आणि तो हसत नाही.

भीतीच्या जागा जुळवताना एक उपयोगाचं सापडलं. सूत ताठ झाल्यावर भूत दिसेपर्यंतचा थांबा पहिल्यांदा लांब ठेवा, दुसऱ्यांदा तेवढाच ठेवा, तिसऱ्यांदा थांबा तेवढाच ठेवून भूत येऊच देऊ नका. त्या जागी आम्ही अक्का चहा घेऊन येताना दाखवल्या.

२० फेब्रुवारी

चादरी लावूनसुद्धा काही संवाद वापरण्याजोगे नव्हते. घरी पलंगाला चादरींचा तंबू करून डबिंग केलं, पंखा आणि फ्रीज बंद ठेवून. मामांचं जमलं. अक्कांचं जमेना. पडद्यावरच्या ओठांकडे बघून बोलल्या की त्या वाचल्यासारखं बोलायच्या. शेवटी पडदा बंद केला, मूळ आवाज एका कानात ऐकवला आणि लगेच तसंच म्हणायला सांगितलं. ओठ पूर्ण जुळत नाहीत, पण जीव आहे. जिथं फारच सुटलं तिथं अक्कांचा चेहरा काढून त्यांचं बोलणं ऐकणारं भूत दाखवलं. ते दृश्य आधीपेक्षा चांगलं झालं, कारण फंडाचे कागद मागणाऱ्या बायकोपेक्षा ते ऐकणाऱ्या नवऱ्याचा चेहरा जास्त बोलतो.

डबिंगच्या मागे शेडची शांतता घालावी लागते, नाहीतर आवाज हवेत लटकतो. वहिनीने शूटिंगच्या वेळी दोन मिनिटं नुसती रिकामी शेड रेकॉर्ड करून ठेवली होती. ती नसती तर अडलो असतो, कारण आता शेडच हातात राहिली नव्हती.

२२ मार्च

विडी घरकुलाच्या चौकात पहिला खेळ. प्रोजेक्टर आणि स्पीकर भाड्याने, १,९०० रुपये. लांबी आता २९ मिनिटं. मी पडद्याकडे पाठ करून, वही घेऊन लोकांकडे तोंड करून बसले.

सूत दिसलं तिथं पुढच्या पोरांनी "दोरी दिसायली!" म्हणून आरडाओरड केली. दुसऱ्यांदा दिसलं तेव्हा तीच पोरं एकमेकांना गप्प करत होती. तिसऱ्यांदा अक्का चहा घेऊन आल्या तेव्हा मागच्या खुर्च्यांपर्यंत हसू गेलं. मामा नट पिळायला वाकले तिथं तर माग चालवलेले लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. कुणीतरी ओरडलं, "बारा नंबरचा पाना घे!"

पडला तो भाग मधला. नातू आणि भंगारवाला यांचं भावाची घासाघीस करणारं दृश्य चार मिनिटांचं होतं. तिथं लोक उठून पाणी प्यायला गेले. पाठीमागच्या रांगांना त्यातले निम्मे शब्द पोचत नव्हते. हेडफोनवर सगळं स्पष्ट होतं, मोकळ्या चौकात एका स्पीकरवर नाही. दोन तेलुगू आजी शेजारणीला "काय म्हणाला?" विचारत राहिल्या.

५ एप्रिल

भंगाराचं दृश्य दीड मिनिटावर आणलं. संवादांखालचं संगीत सगळीकडे कमी केलं, मागाची धडधड बोलण्याच्या वेळी निम्म्यावर आणली. आता मिक्स तपासायला हेडफोन न वापरता स्वस्त स्पीकर गच्चीवर ठेवून जिन्यातून ऐकते. जिन्यात शब्द कळला तर चौकात कळतो. अक्कांनी तेलुगू ओळी सांगितल्या, त्या पडद्याखाली टाकल्या. लांबी २६ मिनिटं.

हिशेब, पुढच्यांसाठी: वीज १,८००. माईक २,४००. पॅनेलचं भाडं ३,६००. धुराचं मशीन आणि द्रव २,७५०. रक्त आणि रंगभूषा ९४०. जेवण-चहा ६,१००. रिक्षा-पेट्रोल २,३००. चादरी ७६०. हार्ड डिस्क ४,२००. पहिल्या खेळाचा प्रोजेक्टर-स्पीकर १,९००. एकूण २६,७५०. जेवणाचा आकडा मोठा वाटेल, पण रात्रभर फुकट काम करणाऱ्यांना शिळ्या वडापाववर ठेवू नका. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गरम आमटी एवढं तरी हवंच. पुन्हा केला तर पैसे आधी दुसऱ्या स्पीकरवर घालीन आणि धुराच्या मशीनचे दिवस निम्मे करीन.

पुढचा खेळ शेडच्या मालक काकांच्या गल्लीत आहे. त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं, नंबर कुठं दिसत नाही ना. सगळ्या फ्रेम तपासल्या. एका शॉटमध्ये दारावरचे दोन आकडे अर्धवट दिसत होते, तिथं एक पांढरं सूत आडवं टाकून झाकलं.